अर्थिंगचा खड्डा

टेपरेकॉर्डरवरून कॉम्प्युटरमध्ये प्रोग्रॅम चढवताना जो आवाज यायचा तो ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगावा लागत नाही. आधी एक लांब शिट्टी, मग तापल्या तव्यावर ओलं सुकट टाकल्यासारखी चरचर, आणि मधूनच किंचाळी. मी ते यंत्र पहिल्यांदा जूचंद्रला घरी आणलं तेव्हा आमच्या कोंबड्या पडवीतून उडून अंगणात गेल्या आणि आई चुलीपुढून हात तसाच पिठाचा घेऊन बाहेर आली. "काय कापतंस रं?" तिने विचारलं. यंत्र म्हणजे तरी काय, टाइपरायटरसारख्या बटणांची एक चपटी पेटी, तिला जोडलेला छोटा काळा-पांढरा टीव्ही आणि गाण्यांच्या कॅसेटचा असतो तसलाच टेपरेकॉर्डर. टेपचा आवाज केसभर कमीजास्त झाला की प्रोग्रॅम चढायचा नाही, पुन्हा कॅसेट मागे गुंडाळायची आणि पुन्हा पहिल्यापासून ती शिट्टी. शेवटी एकदाचा चढला. घरच्यांना कौतुक वाटावं म्हणून मी मथुरामावशीचं नाव टीव्हीवर उमटवलं. ती माझ्या आईची धाकटी बहीण. नवरा वारल्यापासून मुलाला घेऊन आमच्याच घरात राहायची.

"ह्ये काय?" तिने विचारलं.

"तुझं नाव."

"मना वाचता येत नाय म्हनून कायपन सांगतंस. काश्या, बघ रं, माझं नाव हाय?"

काशिनाथ, तिचा मुलगा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. तो म्हणाला, "हाय, पन इंग्रजीत हाय."

"मग ती मी नाय. कोन मडमीन असंल," असं म्हणून ती सुपातले तांदूळ निवडायला बसली.

आमचं घर डोंगरीच्या पायथ्याशी होतं. पुढे पडवी, मागे परसात विहीर आणि शेवग्याचं झाड. बाबा खाडीकडच्या मिठागरात कामाला, आई आणि मावशीही लग्नाआधीपासून तिथेच मीठ ओढायला. मिठाच्या पाण्यात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाचे पाय कसे होतात ते आता नायगावात टॉवर घेऊन राहायला आलेल्यांना सांगून पटणार नाही. टाचा फुटतात, बोटांच्या बेचक्यांत जखमा होतात आणि त्यांत रोज नवं खारं पाणी जातं, त्या कधी भरत नाहीत. संध्याकाळी दोघी बहिणी पडवीत बसून एकमेकींच्या पायांना करंजाचं तेल लावायच्या आणि गावातल्या एकेकीची नक्कल करून हसायच्या. रात्री तांदळाची भाकरी, खाडीच्या निवट्या माशांचं कालवण, नाहीतर नुसता भाजलेला बोंबील आणि कांदा. मी पगारातून बेकरीतला बटर किंवा केक आणला की मावशी तो हातात घेऊन वजन करून बघायची आणि म्हणायची, "केवढ्याला बोलला नि केवढ्याला आनलास?" मी आकडा सांगितला की आईला म्हणायची, "हा मेल्यावर यमाशी पन घासाघीस करंल. यम बोलंल, जा बाबा, परत जा."

घासाघीस मला येत होती, ते खरं आहे. शिक्षण नववीपर्यंत. त्यानंतर माणिकपूरच्या एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात झाडू मारता मारता काम शिकलो. दुकानाच्या वरच्या मजल्यावर सामंतसाहेबांनी कंपनी काढली. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. ती कधीच बंद झाली आणि साहेबही राहिले नाहीत. आम्ही नुसतं 'कंपनी' म्हणायचो. साहेब दादरचे, गोरेपान, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, बोलणं मधासारखं. शाळांना कॉम्प्युटर पुरवायचा हा त्यांचा धंदा. शाळेने एक खोली द्यायची, यंत्रं कंपनीची, शिकवणारा माणूस कंपनीचा, मुलांनी महिन्याला फी द्यायची आणि तिच्यातला वाटा शाळेला. शाळेच्या खिशातून काही जात नाही आणि फाटकावर 'येथे कॉम्प्युटर शिकवला जातो' अशी पाटी लागते. कोणता मुख्याध्यापक नाही म्हणेल? साहेबांनी मला खाली दुकानात टीव्हीच्या भावावरून एका गिऱ्हाइकाशी भांडताना ऐकलं आणि वर बोलावून घेतलं. माझ्याकडे तीन कामं आली. खोलीचं वायरिंग, यंत्रांची ने-आण आणि खरेदीच्या वेळी साहेबांच्या शेजारी बसून भाव पाडणं. भाव पाडताना मी फार बोलत नसे. समोरच्याने आकडा सांगितला की 'नाही' म्हणायचं आणि गप्प बसायचं. शांतता माणसाला सोसत नाही, तोच खाली येतो. ही युक्ती मी बाबांच्या मिठागरावर येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून उचलली होती आणि तिच्यावर माझं पोट चाललं. तिनेच पुढे माझं वाटोळं केलं, पण त्याला अजून वेळ आहे.

माणिकपूरच्या बाजूची एक शाळा मिळाली. मोठी शाळा, आवार मोठं, मुख्याध्यापक शिस्तीचे. त्यांना सगळे मोठे सर म्हणायचे. आधी यंत्रं लाकडी टेबलांवर ठेवायची ठरली होती, पण साहेबांना चोरीची भीती. टीव्ही तेव्हा लोक रिक्षात घालून पळवायचे. म्हणून लोखंडी रॅक करायचे ठरले, पुढे दार आणि दाराला कुलूप असलेले. मी ते वसईच्या एका कारखानदाराकडून असे काही घासून आणले की साहेबांनी पाठ थोपटली. त्याच दिवशी मी म्हणालो, "साहेब, लाकूड होतं तोवर ठीक. आता लोखंड आलं. अर्थिंग पाहिजे."

अर्थिंग म्हणजे काय ते सोपं आहे. जमिनीत माणूसभर खड्डा खणायचा, त्यात तांब्याची पट्टी पुरायची, वर कोळसा आणि मीठ भरायचं आणि त्या पट्टीपासून एक हिरवी वायर प्रत्येक लोखंडी वस्तूपर्यंत न्यायची. कुठे वीज गळून लोखंडात उतरलीच तर ती माणसाच्या अंगातून न जाता त्या वायरीतून जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. मी साहेबांना म्हटलं, "मीठ मी घरून आणतो, फुकट. कोळसाही आणतो. तुम्ही फक्त पट्टी द्या आणि खणायची परवानगी काढा."

साहेब मोठ्या सरांकडे गेले. मी सोबत होतो. सर खिडकीतून आवाराकडे बोट दाखवून म्हणाले, "ही शहाबादी कालपरवा बसवली आहे. देणगीदारांच्या हस्ते. स्नेहसंमेलनाला तेच पाहुणे येणार आहेत. मी खड्डा दाखवू त्यांना?"

"मागच्या बाजूला खणतो, सर," मी म्हणालो.

"मागे संडासाची टाकी आहे. तुला कोणी विचारलं?" ते साहेबांकडे वळले. "संमेलन होऊ दे. नाताळच्या सुट्टीत करा काय करायचं ते."

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "मोरेश्वर, तू हिरवी वायर फिरवून ठेव. सगळे रॅक जोडून ठेव. सुट्टीत खड्डा झाला की नुसतं टोक लावायचं. काम वाचेल." मी तशी ठेवली. प्रत्येक रॅकच्या अंगाला नट मारून हिरवी वायर जोडली आणि सगळ्यांचं मिळून एक टोक खिडकीच्या चौकटीबाहेर भिंतीला गुंडाळून ठेवलं. मी आजही सांगतो, ती वायर बरोबर होती. तिच्या टोकाला जमीन नव्हती, आणि जमीन देणं माझ्या हातात नव्हतं.

मथुरामावशी त्या खोलीत कशी आली तेही सांगतो. धुळीने यंत्रं बिघडतात असं साहेब शाळाशाळांतून सांगत फिरायचे. दारावर त्यांनी रंगवून घेतलेली पाटी होती. चपला बाहेर काढाव्यात, खोली रोज ओल्या फडक्याने पुसावी, यंत्रांना विनाकारण हात लावू नये. पाहुणे आले की साहेब स्वतः बूट काढायचे आणि म्हणायचे, "आमच्याकडे हे देवघर आहे." पुसणार कोण यावर कंपनी आणि शाळा यांच्यात जुंपली. कंपनी म्हणे खोली शाळेची, शाळा म्हणे यंत्रं कंपनीची. मी मध्ये पडलो, निम्मा पगार ह्यांनी, निम्मा त्यांनी असं ठरवलं आणि बाई मी देतो म्हणालो. त्या दिवशी घरी सांगितलं तेव्हा मावशी उठली. परसात जाऊन पाय घासून घासून धुऊन आली. मग आईला म्हणाली, "गो, सावलीत काम हाय. थंडगार फरशी हाय म्हनं."

ती नायगावचे रूळ ओलांडून रोज सकाळी चालत जायची. शाळा भरायच्या आधी खोली उघडायची, रॅकची कुलपं काढून दारं उघडायची आणि शिकवणाऱ्या सरांनी दाखवून दिल्याप्रमाणे मेन स्विच चालू करून ठेवायची, म्हणजे मुलं येईपर्यंत टीव्ही तापलेले असत. मग फरशी पुसायची. पुसून झाली की पहिल्या रॅकला हात लावून तो कपाळाला लावायचा. मिठागरात ती पहिलं पाऊल टाकण्याआधी बांधाला असाच हात लावायची. ज्याच्यावर पोट चालतं त्याला सकाळी हात लावून नमस्कार करायचा, हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही, बघून बघून येतं. मुलांनीही तिचं पाहून तसंच सुरू केलं. मोठ्या सरांनी एकदा प्रार्थनेच्या वेळी त्याचं कौतुक केलं म्हणे. यंत्राविषयी आदर.

दिवाळीनंतर एक मुलगा मला म्हणाला, "दादा, आमचा कॉम्प्युटर चावतो." मुलांनी त्याचा खेळ केला होता. बोटाची मागची बाजू रॅकवरून हळूच फिरवायची, झिणझिण्या येतात. मी टेस्टर लावून पाहिला. बारीक दिवा लागला. एकाच रॅकवर नाही, सगळ्यांवर. गळती एकीकडे कुठेतरी होती आणि हिरवी वायर तिला सगळीकडे पोचवत होती. कुठली वायर सोलली गेली आहे ते शोधायला सगळे रॅक रिकामे करावे लागले असते, म्हणजे दोन दिवस वर्ग बंद. मी तडक साहेबांकडे गेलो.

"टीव्हीच्या काचेवर हात ठेवला तरी होतं तसं," ते म्हणाले. "त्याला घाबरतात का?"

"काचेवरचं वेगळं, साहेब. हे लोखंडात आहे. वर्ग बंद ठेवा."

"ह्या महिन्याची फी घेऊन झाली आहे. बंद ठेवून पालकांना काय सांगू?"

मी टेबलावर हात आपटला. माझा राग तेव्हा फार वाईट होता, आताही आहे. म्हणालो, आजच्या आज खणतो, शहाबादी गेली खड्ड्यात. साहेबांनी मला पाणी पाजलं, बसवलं, आणि शब्द दिला की संमेलन संपल्याच्या दुसऱ्या दिवशी खड्डा खणायचा, सरांशी ते स्वतः बोलतील, आणि तोवर मुलांना चपला घालून बसू देतील. मी तो शब्द घेतला. साहेबांसारखा माणूस शब्द देतो तेव्हा तो पाळण्यासाठी देतो, असं मी त्या वयात समजत होतो. चपलांचं पुढे काहीच झालं नाही. पाटी तशीच राहिली.

घरी मावशीला म्हटलं, "त्या रॅकना हात लावू नको. करंट उतरतोय."

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली. ती वाटणाला बसली होती. "रोज लागतंय. हातात नुसत्या मुंग्या."

"मग कशाला लावतेस?"

"जागृत हाय ती." ती अगदी सहज म्हणाली. "जिच्या अंगात देवी येते, तिच्या पायाला हात लावला का अशाच मुंग्या येतात. शाळेत इद्या हाय, तिथं काय दगुड असंल?"

"मावशी, ती वीज हाय, देवी नाय."

"वीज कोनाची हाय मग?" असं म्हणून तिने आईकडे पाहिलं, आणि दोघी हसल्या. मी चिडून बाहेर निघून गेलो. माझ्या चिडण्याची घरात सवयच होती, कोणी थांबवलं नाही.

संमेलनाच्या तयारीत शाळा होती तेव्हाची गोष्ट. त्या सकाळी मी दुकानात होतो. शाळेचा शिपाई सायकलवर आला. खाली न उतरता, एक पाय जमिनीला टेकवून म्हणाला, "तुझी मावशी पडली." मी पोचलो तोवर मेन बंद केलेला होता. ती पहिल्या रॅकपुढे आडवी होती, डाव्या हातात ओलं फडकं. उजव्या तळहातावर मधोमध पांढुरका डाग होता आणि त्याच्या कडा करपल्या होत्या. रॅकच्या दाराच्या बिजागरीत टीव्हीची वायर चेपून पार सोलली होती. रोज उघडझाप होऊन होऊन तिचं तांबं लोखंडाला लागलं होतं. इतके दिवस थोडी गळती होती, त्या दिवशी सगळीच वीज उतरली. ओली फरशी, अनवाणी पाय आणि ते पाय मिठाने फुटलेले. दुसरं कोणी असतं तर कदाचित फेकलं जाऊन वाचलं असतं. डॉक्टर येऊन गेले होते. शाळेची घंटा झाली नव्हती, मुलं मैदानात रांगेत उभी होती आणि मोठे सर मला म्हणाले, "मुलांच्या देखत नको. मागच्या फाटकाने न्या."

टेंपोत घालून तिला घरी आणलं. पडवीत चटईवर ठेवलं. आईने तिला आंघोळ घातली. तो हात धुताना ती थांबली, डाग पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि मूठ मिटवून तिच्यावर लुगड्याचा पदर गुंडाळला. म्हणजे आईला तेव्हाच काहीतरी कळलं होतं जे मला कळायला दुपार झाली.

दुपारी सामंतसाहेब आणि मोठे सर रिक्षाने आले. मागोमाग सायकलवर हवालदार. हवालदार अंगणात शेवग्याखाली बसला, त्याला कोणीतरी चहा दिला. घरचे काय सांगतात ते लिहून घेऊन जायचं एवढंच त्याचं काम आहे, असं त्याने आल्याआल्याच सांगितलं होतं. साहेब पडवीत आले, बूट काढले, प्रेताला हात जोडले. बाबा भिंतीशी उकिडवे बसले होते. काशिनाथ आईच्या पायांशी. गावातली माणसं अंगणभर. बाबा मला म्हणाले, "मोऱ्या, तू बोल. तुला बोलता येतंय." घरातलं कुठलंही बोलणं असलं की मीच बोलायचो, मिठाचं असो की बैलाचं.

मी म्हणालो, "साहेब, हवालदाराला सांगा की अर्थिंग नव्हती. मी मागितली होती, तुम्ही दिली नाही. एवढंच सांगा."

साहेब माझ्याशी बोललेच नाहीत. बाबांच्या समोर खाली बसले. "बाबा, झालं ते फार वाईट झालं. पण आता जिवंत माणसांचं बघायला हवं. केस झाली तर पहिलं नाव कोणाचं येईल? वायरिंग ज्याने केलं त्याचं. मोरेश्वरकडे लायसन नाही. मी त्याच्यावर विश्वास टाकला, माझंही चुकलं असेल. पण कायदा हातात कोणाच्या पक्कड होती ते बघतो."

"येऊ दे माझं नाव," मी म्हणालो. "तिथे मी सांगीन शहाबादीचं काय झालं ते."

"गप," बाबा म्हणाले.

मोठे सर म्हणाले, "बाईंची प्रकृती बरी नव्हती, असं आम्ही ऐकून आहोत. चक्कर वगैरे." आणि मग साहेबांनी ते काढलं. "काशिनाथ दहावी पास आहे ना? त्याला आम्ही शिकवू. कंपनीच्या खर्चाने. ह्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवायला ठेवू."

अंगणातली माणसं पुढे सरकली. मिठागराबाहेरची नोकरी, तीही मास्तरची. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "नाही."

आणि गप्प बसलो. खरं तर मला रडू येत होतं म्हणून पुढे बोलवत नव्हतं. पण साहेबांनी मला असं 'नाही' म्हणून गप्प बसताना शंभर वेळा पाहिलं होतं. त्यांनी सरांकडे पाहिलं, सरांनी मान हलवली. साहेब म्हणाले, "ठीक आहे. कंपनी राहो न राहो, शाळा त्याला कायम करेल. सर शब्द देतात."

"नाही," मी म्हणालो. "मला हे नको. खरं काय झालं ते सांगा."

"मोरेश्वर, तुझ्या लायसनचंही मी बघतो."

मागून गावातलं कोणीतरी हळूच म्हणालं, "चढवतोय रं. चढवू दे." ते मी ऐकलं. प्रेत समोर असताना माणसं माझ्याकडे अशी बघत होती जसं बाजारात चांगल्या घासाघिशीकडे बघतात. मी उभा राहिलो, साहेबांची कॉलर धरली. बाबांनी आणि आणखी दोघांनी मला मागे ओढलं. त्या गोंधळात काशिनाथ उठला. माझ्यासमोर येऊन म्हणाला, "दादा, पुरे. आता याच्यावर कोन देनार नाय." मग अंगणात गेला आणि हवालदारासमोर उभा राहून म्हणाला, "आईला चक्कर यायची. छातीत दुखायचं. लिवा." त्याच्यामागे आई गेली. माझी आई. तिनेही तेच सांगितलं. परत येऊन माझ्या जवळून जाताना म्हणाली, "एक गेली. दुसरा नाय देनार मी."

मावशीला संध्याकाळी खाडीकडच्या मसणात नेलं. मी खांदा द्यायला गेलो तेव्हा एकाने नुसता आपला खांदा पुढे केला आणि मला जागा राहिली नाही.

नाताळच्या सुट्टीत शाळेच्या पुढच्या आवारात शहाबादी उखडून खड्डा खणला गेला. विरारचा एक लायसनवाला वायरमन आणला होता. मी रस्त्यावरून पाहिलं. कोळशाची पोती आणि मिठाची पोती भिंतीशी लावलेली. मोठे सर स्वतः उभे राहून काम करून घेत होते. फरशा परत इतक्या नीट बसवल्या की संमेलनाला आलेले देणगीदार पुन्हा आले असते तरी त्यांना कळलं नसतं. मी कंपनी सोडली होतीच. मी सोडली असं मी म्हणतो, साहेबांनी काढून टाकलं असं ते म्हणायचे.

गावात दोन गोष्टी झाल्या आणि त्या दोन्ही एकमेकींना धरून राहिल्या. एक, मथुरेला मोऱ्याच्या वायरीने मारलं. दुसरी, मोऱ्याने मावशीच्या प्रेतावर बसून पोराला मास्तर केला, काय डोकं आहे. तोंडावर कोणी बोललं नाही. पण कोणाच्या घरी पंखा बसवायचा असला तरी लोक पलीकडच्या गावातून माणूस बोलवायचे. मी लायसन स्वतःच्या हिमतीवर काढलं, कोणाच्या मेहेरबानीवर नाही. पुढे ठेकेदार झालो. नायगाव-वसईतल्या किती इमारतींची वीज माझ्या माणसांनी ओढली त्याची गणती मी ठेवली नाही, आणि अर्थिंगच्या कामात कोणा बिल्डरला मी आजवर एक पैसा सोडलेला नाही. लोक मला भांडखोर म्हणतात. म्हणोत. पण जूचंद्रमधलं एक घर माझ्याकडे काम घेऊन आलं नाही, हे मी ह्या वयात विसरावं अशी अपेक्षा कोणी करू नये. खटला झाला असता तर मी सुटलो असतो. खटला होऊ दिला नाही, म्हणून मी अजून सुटलेलो नाही. हे मी आईला तिच्या शेवटच्या दुखण्यात एकदा बोललो. ती कूस बदलून झोपली.

काशिनाथ त्या शाळेत कायम झाला. चांगला शिकवायचा, असं त्याचे विद्यार्थी सांगतात. मला ते ऐकायला बरं वाटतं, मी खोटं बोलत नाही. अलीकडेच तो निवृत्त झाला. शाळेने सत्कार ठेवला आणि तो स्वतः मला बोलवायला घरी आला, बायकोला घेऊन, पेढे घेऊन. मी गेलो. स्टेजवरून तो म्हणाला की माझी आई ह्याच शाळेची सेवा करताना हृदयविकाराने गेली आणि मी तिचं ऋण फेडायचा प्रयत्न केला. टाळ्या झाल्या. जेवणाच्या पंगतीत तो माझ्या शेजारी येऊन बसला. मी हळूच म्हणालो, "काश्या, आता तुझी नोकरी झाली. पेन्शन सुरू झालं. साहेब नाहीत, सर नाहीत. आता एकदा सांग ना. गावासमोर नको, तुझ्या मुलांना तरी सांग. अर्थिंग नव्हती म्हणून."

त्याने माझ्या हातावर हात ठेवला. त्याचा हात मऊ होता, मास्तरचा.

"दादा," तो म्हणाला, "तू कशाला अजून मनाला लावून घेतोस? तुला आम्ही कधीच माफ केलंय."